मीटरकाकांचे वडील

दारावरची बेल वाजली की मीटरकाका आधी गॅलरीत जायचे. कठड्याआडून खाली वाकून जिन्यापाशी कोणाची गाडी उभी आहे ते बघायचे. मग चपला काढून, पावलं न वाजवता दाराशी यायचे आणि भिंगाला डोळा लावायचे. एवढं सगळं होईपर्यंत बाहेरचा माणूस बहुतेक वेळा कंटाळून निघून गेलेला असायचा. दूधवाल्यानं तर बेल वाजवणं कधीच सोडलं होतं. पिशवी कडीला अडकवून तो पुढे जायचा.

"आपल्याकडे चोर आला तरी वाट बघून परत जाईल," असं काकू म्हणायच्या.

गंमत अशी, की या माणसाचा सगळा जन्म दुसऱ्यांच्या दारावरची बेल वाजवण्यात गेला होता. वीज कंपनीत ते मीटर वाचायचे. बॅटरी, पाठीवर पिशवी, कानामागे पेन. जिन्याखालच्या कोळिष्टकांत डोकं घालायचं, काच पुसायची, आकडे लिहून घ्यायचे. कुत्री अंगावर आली, उघड्या वायरीचा झटका बसला, एकदा तळघरात कोणी बाहेरून कुलूप लावून गेलं, तरी काकांच्या कपाळावर आठी उमटली नाही. ते घाबरायचे ते एकाच गोष्टीला. गणवेशाला. पोलीस तर सोडाच, हॉटेलच्या दारात सोनेरी बटणांचा कोट घालून उभा असलेला माणूस दिसला तरी ते रस्ता ओलांडून पलीकडे जायचे. घरी त्यावरून थट्टा व्हायची. काका हसायचेही त्या थट्टेला, पण हात मात्र खिशात घालून ठेवायचे.

या भीतीमागचं कारण त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, काकूंनाही नाही.

ते सहा-सात वर्षांचे असताना एका दुपारी आईनं त्यांना स्टुलावर बसवलं होतं. आई एका छापखान्यात पुस्तकांची बांधणी करायची, तिच्या बोटांना नेहमी खळीचा वास असे. त्या बोटांनी तिनं त्यांची हनुवटी धरली आणि सांगितलं, की तुझे वडील लढाईतून पळाले. पळालेल्याला लष्कर सोडत नाही. तो सापडला नाही, तर घरच्यांना धरून विचारतात. म्हणून कोणीही विचारलं, तर वडील नाहीत म्हणायचं. नाव विचारलं, तर माहीत नाही म्हणायचं. आणि दार आपण होऊन कधी उघडायचं नाही.

शाळेत आईनं स्वतःचं माहेरचं आडनाव लावलं. दोन-तीनदा घर बदललं. मुलानं पुन्हा कधी विचारलं नाही, आणि आईनं पुन्हा कधी सांगितलं नाही. मुलगा मोठा झाला, नोकरीला लागला, संसाराला लागला. ते सहा वर्षांचं पोर मात्र त्याच्या आत तसंच स्टुलावर बसून राहिलं. काकांना बढती चालून आली, तेव्हा जुनी कागदपत्रं तपासतात असं कोणीतरी म्हणालं, आणि काकांनी बढती नाकारली. मेहुण्यानं परदेशी बोलावलं, तिकीट काढून देतो म्हणाला, तर पासपोर्ट नको म्हणून गेले नाहीत. "मला विमानाची भीती वाटते," असं त्यांनी सांगितलं. ते सगळ्यांना पटलं.

त्यांची पंचाहत्तरी उलटली, त्यानंतर घराला रंग काढायचं ठरलं. रंगाऱ्याचा धक्का लागून भिंतीवरची आईची तसबीर पडली आणि काच फुटली. त्यांची मुलगी काचा गोळा करायला बसली. ही मुलगी चाळिशी ओलांडलेली, स्वतःचं औषधांचं दुकान चालवणारी बाई. दुकानात तिला सगळे मॅडम म्हणत, पण घरात ती अजून छकुलीच होती. मागचा पुठ्ठा काढताना तिच्या हातात दोन फोटो आले. एक आजीचा. त्याच्यामागे तोंड भिंतीकडे करून ठेवलेला दुसरा.

दुसऱ्या फोटोत लष्करी कपड्यांतला एक तरुण होता. खुर्चीवर ताठ बसलेला, टोपी गुडघ्यावर, छातीपाशी धरलेली छोटी पाटी, पाटीवर खडूनं लिहिलेले आकडे. कान थोडे बाहेर आलेले. छकुलीनं ते कान ओळखले, कारण ते रोज तिच्यासमोर बसून चहा प्यायचे.

"बाबा, हे कोण?"

काकांनी फोटो पाहिला. आधी त्यांनी दार बंद केलं. मग खिडकी. मग रंगाऱ्याला आज जा म्हणून सांगितलं. फोटो जाळून टाक म्हणाले, आत्ताच्या आत्ता, मोरीत. काडेपेटी त्यांनीच आणली. पण तीन काड्या मोडल्या तरी एकही पेटेना, आणि तेवढ्यात छकुलीनं फोटो काढून घेऊन पर्समध्ये टाकला.

त्या दुपारी काकांनी पहिल्यांदा सांगितलं. स्टूल, आईची बोटं, पळालेले वडील, सगळं. काकू ऐकत राहिल्या.  मग त्यांनी एवढंच म्हटलं, की मी तुम्हाला भित्रा म्हणत आले इतकी वर्षं, मला आधी सांगायचं होतंत.

छकुलीनं समजूत घालून पाहिली. सत्तर वर्षं होऊन गेली, आता कोण येणार? काका म्हणाले, लष्कराच्या फाइली कधी बंद होत नाहीत. निदान त्यांचं नाव तरी सांगा, असं ती म्हणाली. काका उठले, स्वयंपाकघरात गेले, नळ पूर्ण सोडला आणि त्या आवाजाच्या आडोशाला तिच्या कानात आपल्या वडिलांचं नाव सांगितलं. सांगून झाल्यावर त्यांनी नळ बंद केला आणि जणू काही उष्टं लागलंय असे ओठ पुसले.

ते नाव तिला नुसतं माहीत असावं, एवढ्यासाठी त्यांनी सांगितलं होतं. छकुली तेवढ्यावर थांबली नाही. जुन्या लष्करी गणवेशांचा नाद असलेल्या लोकांचा एक गट तिला इंटरनेटवर सापडला. तिथे तिनं फोटो टाकला. खांद्यावरचा बिल्ला पूल बांधणाऱ्या तुकडीचा आहे, असं एका निवृत्त शिक्षकानं कळवलं. पाटीवरचा आकडा म्हणजे त्या शिपायाचा नंबर, आणि चौकशी कुठल्या कार्यालयात करायची, तेही सांगितलं. तिनं अर्ज पाठवला. घरी बोलली नाही. कळेल तेव्हा सांगू, असा तिचा विचार.

उत्तर यायला वेळ लागला. आणि आलं ते नेमकं भरदुपारी, ती दुकानात असताना.

बेल वाजली. काका गॅलरीत गेले, दाराशी आले, भिंगातून पाहिलं. बाहेर पोस्टमन होता आणि त्याच्या हातात मोठं पिवळं पाकीट होतं. पाकिटावर ठसठशीत लष्करी शिक्का.  पोस्टमननं पुन्हा बेल वाजवली, मग दार ठोठावलं, मग काकांचं नाव घेऊन मोठ्यानं हाक मारली. काका भिंतीला धरून मागे मागे सरकले, न्हाणीघरात शिरले आणि आतून कडी लावून घेतली. काकू बाजारातून परतल्या, तेव्हा ते तिथेच होते, उलट्या केलेल्या बादलीवर बसलेले. बाहेर या म्हणून त्यांना कितीतरी वेळ विनवावं लागलं.

बाहेर आले ते थेट कपाटाकडे गेले. एका पिशवीत दोन सदरे, दाढीचं सामान, रक्तदाबाच्या गोळ्या भरल्या. काकूंनी विचारलं, कुठे निघालात? त्यांना ते माहीत नव्हतं. पळून जायचं तर जायचं कुठे, याचा विचार त्यांनी जन्मात केला नव्हता. लपण्यापलीकडे त्यांना काही येत नव्हतं.

संध्याकाळी छकुली आली आणि तिनं कबूल केलं. काकांनी आरडाओरडा केला नाही. हळू आवाजात एवढंच विचारलं, "तू त्यांना आपला पत्ता दिलास?"

त्या प्रश्नानं तिला जे लागलं, ते कुठल्याही ओरडण्यानं लागलं नसतं. ती रडली. पण रडून झाल्यावर दुसऱ्या दिवशी पोस्टात जाऊन पाकीट घेऊन आली, कारण ती काकूंचीही मुलगी होती.

पाकिटात एकच पान होतं. काका दाराकडे पाठ करून, सोफ्याच्या टोकाला बसून होते. छकुलीनं वाचलं. अमुक नंबरचा शिपाई लढाईच्या दुसऱ्या वर्षी पुलाच्या कामावर असताना झालेल्या बाँबफेकीनंतर तुकडीतून वैद्यकीय कारणासाठी हलवण्यात आला. त्याला लष्करी मनोरुग्णालयात दाखल केलं. पुढची माहिती त्या रुग्णालयाकडून घ्यावी. पळाल्याचा, शिक्षेचा, शोधाचा कुठेही उल्लेख नव्हता. आणि रुग्णालय याच शहरात होतं.

काकूंच्या जिवात जीव आला. काकांच्या नाही.

"हे असंच करतात," ते म्हणाले. "आधी गोड बोलून बोलावतात."

"कोणाला? तुम्हाला? या वयात तुमचं काय करणार आहेत ते?" काकूंनी विचारलं.

"मी कुठे म्हणतो मला कळतं म्हणून?"

त्यानंतरचे काही आठवडे वाईट गेले. काकांचं जेवण निम्म्यावर आलं. जिन्यात पावलं वाजली की घास हातात राहायचा. झोपेत बोलायला लागले. छकुलीला वाटलं, आपण हे काय करून बसलो. पाकीट तिनं दुकानात नेऊन ठेवलं, विषयच बंद केला. पण विषय बंद करून भीती जाते थोडीच. ती घरात नुसती बसून राहिली, पाहुण्यासारखी, जेवायच्या वेळेलाही.

शेवटी काकूंनीच मार्ग काढला. एका सकाळी त्या नेसून, पर्स घेऊन तयार झाल्या. म्हणाल्या, मी जाते त्या रुग्णालयात. मला धरलं तर धरू दे, तिथे आयतं जेवण तरी मिळेल. आणि खरोखरच चप्पल घालून जिना उतरू लागल्या. काका मागून धावत गेले. बायकोला एकटीला त्या दारातून आत पाठवणं त्यांना जमणारं नव्हतं. भीती होती तेवढीच होती, पण तिच्यापेक्षा मोठं काहीतरी जिना उतरत होतं. वाटेत छकुलीला दुकानातून सोबत घेतलं.

बस रुग्णालयाच्या रस्त्याला वळली, तशी काकांनी पुढच्या सीटची दांडी घट्ट धरली. दोन्ही बाजूंना मोठी झाडं, डावीकडे लांबच लांब चुनखडीची भिंत. हा भाग आपण कधी पाहिलेला नाही, असं ते म्हणाले. छकुलीला नवल वाटलं. शहरातली गल्लीबोळं तोंडपाठ असलेला हा माणूस.

मग त्यांनी सांगितलं. नोकरीच्या सुरुवातीला हीच लाइन त्यांच्या वाट्याला आली होती. हा रस्ता, ही भिंत, आतल्या इमारतींचे मीटर. पण फाटकावर लष्करी पहारा असतो हे कळल्यावर त्यांनी एका सहकाऱ्याचे पाय धरले, दमा आहे, झाडांची धूळ सोसत नाही, असं खोटंच सांगितलं आणि टेकडीवरची चढणीची लाइन बदलून घेतली. ती चढण त्यांनी निवृत्त होईपर्यंत चढली.

फाटकावर खाकी कपड्यांतला पहारेकरी होता. कोणाला भेटायचंय, असं त्यानं विचारलं. छकुली बोलणार, तोच काकांनी हातानं तिला थांबवलं.  पहिल्यांदा नुसती हवा आली तोंडातून. मग त्यांनी वडिलांचं नाव सांगितलं, आडनावासकट, नळाच्या आवाजाशिवाय. पहारेकऱ्याला ते नाव कुठून माहीत असणार. त्यानं रजिस्टर पुढे सरकवलं, एक पास फाडून दिला आणि सरळ जाऊन उजवीकडे म्हणाला.

नोंदी सांभाळणाऱ्या बाई चष्मा कपाळावर चढवून बसल्या होत्या. पाकिटातलं पान पाहून त्यांनी आतून एक जुनी फाइल मागवली. त्या घाईत होत्या, पण घाईतही माणसाच्या चेहऱ्याकडे बघणाऱ्या होत्या. त्यांनी काकांना आधी पाणी दिलं. मग सांगितलं, की हे गृहस्थ इथे दाखल झाले ते कधीच परत गेले नाहीत. जवळजवळ तीस वर्षं ते याच रुग्णालयात होते. इथेच वारले.

काकांना वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही.

"म्हणजे मी मोठा झालो तेव्हाही ते होते?"

"तुमचं वय काय?" बाईंनी हिशेब केला. "तुम्ही तिशीत असाल, तोपर्यंत होते."

 काकांना एकदम थंडी वाजायला लागली. काकूंनी पदर त्यांच्या खांद्यावर टाकला आणि त्यांनी तो टाकू दिला.

बाई म्हणाल्या, फोटो बघायचे असतील तर आहेत. दरवर्षी रुग्णालयाच्या स्थापनादिनाला प्रत्येक वॉर्डाचा एकत्र फोटो काढायची इथली पद्धत. जुन्या वॉर्डाचे सगळे व्हरांड्यात लावलेत.

व्हरांडा लांब होता, एका बाजूला जाळी, एका बाजूला भिंत. भिंतीवर ओळीनं फोटो. प्रत्येकाखाली वर्ष. तीन ओळींत माणसं, सारख्या कपड्यांतली, मध्ये डॉक्टर आणि सिस्टर. पहिल्याच फोटोत छकुलीला ते कान सापडले. मागच्या ओळीत टोकाला. डोकं भादरलेलं, गालफडं बसलेली. सगळे कॅमेऱ्याकडे बघत होते आणि हा एकटा बाजूला, दाराकडे.

पुढचा फोटो. पुन्हा मागची ओळ, पुन्हा दाराकडे. त्यापुढचा. हाताला पट्टी. त्यापुढच्यात केस वाढलेले. मग काही वर्षं मांडीवर एक मांजर, आणि त्या वर्षांत नजर मांजराकडे. मग मांजर नाही. मग चष्मा, एका बाजूला दोऱ्यानं बांधलेला. काका भिंतीला हात लावून एकेक पाऊल सरकत होते आणि प्रत्येक पावलाला त्यांचा बाप एक वर्षानं म्हातारा होत होता.

"हे माझ्या शाळेच्या शेवटच्या परीक्षेचं वर्ष," ते स्वतःशीच म्हणाले. मग थोड्या वेळानं, "या वर्षी नोकरी लागली." एका फोटोपाशी थांबून त्यांनी काकूंकडे पाहिलं. काकूंना सांगायची गरज नव्हती. ते वर्ष त्यांच्या लग्नाचं होतं. त्या फोटोत वडील खुर्चीवर बसले होते, पुढच्या ओळीत, पिकल्या केसांचे, आणि अजूनही दाराकडे बघत होते.

छकुली जन्मली, त्या वर्षीच्या फोटोत त्या खुर्चीवर दुसरा कोणी होता.

काका जाळीपाशी जाऊन उभे राहिले. त्यांच्या पाठीकडे बघून काकूंना काळजी वाटायला लागली, कारण ते रडत नव्हते. इतक्यात त्या बाईंनी एका म्हाताऱ्या माणसाला आणलं. तो इथे वॉर्डबॉय होता, आता निवृत्त होऊन मागच्या क्वार्टर्समध्ये मुलीकडे राहायचा. सगळे त्याला मामा म्हणत. तो विशीत नोकरीला लागला, तेव्हा काकांच्या वडिलांची शेवटची वर्षं चालू होती.

मामांना ते चांगले आठवत होते. स्वभावानं गरीब, कोणाच्या अध्यातमध्यात नाही. आपापलं जेवायचे, बागेला पाणी घालायचे. फक्त वॉर्डात नवीन माणूस आला, की कामाला असो, भेटायला असो, ते पलंगाखाली शिरायचे. बाहेर काढायला तास-तास लागायचा. मामा नवीन होते तेव्हा मामांनाही पाहून शिरले होते.

"का?" छकुलीनं विचारलं.

"त्यांना वाटायचं, न्यायला आलेत. परत पुलावर पाठवायला. बाहेर आले की आधी एकच विचारायचे, मला परत पाठवणार नाही ना? मी रोज सांगायचो, नाही पाठवणार. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचे."

काकांनी जाळी घट्ट धरली. ते काहीतरी विचारू पाहत होते.  शेवटी काकूंनीच विचारलं, घरचं कोणी कधी आलं नाही का?

मामांनी स्वतः पाहिलं नव्हतं. पण त्यांच्या आधीच्या एका सिस्टरकडून ऐकलं होतं, की अगदी सुरुवातीला एक बाई आली होती, लहान मुलाला घेऊन. तिला बघताच हे पलंगाखाली गेले आणि ओरडायला लागले. बाई जमिनीवर बसली. पलंगाखाली वाकून त्यांच्याशी बराच वेळ बोलत होती. मुलगा घाबरून रडत होता. डॉक्टरांनी तिला सांगितलं, तुम्ही आलात की यांचं दुखणं वाढतं. मग ती पुन्हा आली नाही.

सगळे काकांकडे बघत होते. काका कपाळाला आठ्या घालून आठवत होते. खूप आठवत होते.

"मला काहीच आठवत नाही," ते म्हणाले.

घरी परतल्यावर काका सुटले, असं मला सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. तसं झालं नाही. लष्कर न्यायला येईल ही भीती ओसरली, तशी तिच्या जागी दुसरी येऊन बसली. जे बापाला झालं, ते आपल्यातही असेल. बाप पलंगाखाली शिरायचा, मी न्हाणीघरात शिरलो. फरक काय? ते स्वतःच्या हातांकडे बघत बसायचे. रात्री काकूंना उठवून विचारायचे, मी झोपेत काय बोललो? एकदा जेवताना त्यांनी सरळच विचारलं, मी वेडा आहे का.

"तुम्ही वेडे असता तर पहिल्यांदा मला कळलं असतं," काकू म्हणाल्या. "इतकी वर्षं मी काय डोळे मिटून संसार केला? तुम्हाला घाबरायला शिकवलं. त्यांच्यावर बाँब पडले. या दोन गोष्टी एक नाहीत."

छकुलीनं त्यांना ओळखीच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी काकूंचंच म्हणणं जरा जास्त पैसे घेऊन सांगितलं. काकांना थोडं बरं वाटलं.

राग त्यांना आईचा आला होता. काकू तिची बाजू घेत. त्या काळी वेड्याचा मुलगा म्हणून शाळेत काय हाल झाले असते? भाड्यानं खोली मिळाली असती? तुमचं लग्न झालं असतं? माझ्या वडिलांनी तरी नक्कीच दिली नसती मला. काका ऐकून घेत आणि दर वेळी तेच म्हणत, की ती गेली तेव्हा मी पन्नाशीचा होतो, एकदा तरी सांगायचं होतं.  आईची तसबीर नवीन काच बसवून परत भिंतीवर गेली, पण बरेच महिने काका त्या भिंतीकडे पाठ करून जेवायचे.

एक काम मात्र राहिलं होतं. रुग्णालयाच्या मागे एक छोटी दफनभूमी होती. वडिलांना तिथे पुरलं होतं, पण दगडावर नाव नव्हतं, नुसता नंबर. नाव कोरून मिळेल, पण नातेवाइकानं अर्ज करायला हवा आणि नातं दाखवायला हवं. काकांच्या प्रत्येक कागदावर आईच्या माहेरचं आडनाव. म्हणजे लष्कराच्या टेबलासमोर उभं राहून स्वतःच्या तोंडानं सांगायचं, की माझी सगळी कागदपत्रं खोटी आहेत.

छकुली म्हणाली, राहू द्या बाबा. काकूही म्हणाल्या, नंबर असला म्हणून काय झालं. दोघींना वाटलं, काका यातून सुटका मानतील.  पण एका सकाळी काका दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून निघाले आणि कोणालाही सोबत येऊ देईनात.

काय झालं ते त्यांनी नंतर तुटक तुटक सांगितलं. बसमध्ये दोनदा उतरावंसं वाटलं. एकदा उतरलेही, आणि पुढच्या बसनं गेले. टेबलामागे गणवेशातला एक तरुण अधिकारी होता. त्याच्या छातीवरच्या बिल्ल्यांकडे न बघता काकांनी सगळं सांगितलं, स्टुलापासून.  सांगून झाल्यावर त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. आता बेड्या घालतील, असं त्यांना खरंच वाटत होतं.

अधिकाऱ्यानं विचारलं, "काका, चहा घेणार का?"

मग त्यानं सांगितलं, की एक शपथपत्र लागेल, आणि फाइलमधल्या पत्नीच्या नावाशी तुमच्या आईचं नाव जुळतंय, तेवढं पुरे. काकांनी चहा घेतला. निम्मा बशीत सांडला.

दगड बसवला त्या दिवशी चौघंच होती. काका, काकू, छकुली आणि मामा. गवत नुकतंच कापलेलं होतं. गवंडी काम आटोपून गेला. काकांनी वाकून अक्षरांवरची धूळ झटकली, मग तिथेच उभे राहिले. काय करायचं असतं, ते त्यांना माहीत नव्हतं. बाप मेल्याचं दुःख इतक्या उशिरा कसं करतात, ते त्यांना कोणी शिकवलेलं नव्हतं.

मग त्यांनी मामांना विचारलं, की ते कधी हसायचे का.

"हसायचे की," मामा म्हणाले. "पत्ते खेळताना. आम्ही त्यांना कॅप्टन म्हणायचो. नुसती लबाडी करायचे हो. पत्ते मोज्यात लपवायचे. पकडले गेले की इतके हसायचे, की ठसका लागायचा."

काकू म्हणाल्या, "म्हणजे रमीत पत्ते लपवायची ह्यांची खोड घराण्यातलीच आहे. मला वाटायचं, ह्यांनी नोकरीत शिकून घेतलं."

काका हसले. आधी थोडंसं, मग आवरेना. हसता हसता ते शेजारच्या कट्ट्यावर बसले, आणि तिथे बसून खूप रडले. कोणी त्यांना थांबवलं नाही. मामा तोंड दुसरीकडे करून झाडं बघत राहिले.

ऊन कलल्यावर सगळे निघाले. मामा क्वार्टर्सकडे वळले. तिघं फाटकातून बाहेर पडली आणि रस्त्याला लागली, तोच मागून पहारेकऱ्यानं जरबेनं हाक मारली. "ओ आजोबा, थांबा."

 काका जागच्या जागी थिजले. काकूंनी त्यांचं मनगट पकडलं, तर ते बर्फासारखं गार. बूट वाजवत पहारेकरी जवळ आला.

"पास राहिला तुमच्याकडे," तो म्हणाला.

काकांनी वरचा खिसा चाचपला, खालचा चाचपला, पास काढून दिला. पहारेकरी गेला. मग काका बसथांब्याकडे चालायला लागले, इतक्या भराभर की काकूंना त्यांना गाठायला पळावं लागलं.